दोनशे चौदा सह्या

मरोळ, १२ सप्टेंबर २०२४

मामा,

परवा फोनवर तू "गणपती गेले काय?" असं तीनदा विचारलंस आणि मी तीनदा "हो" म्हणून ओरडले, तर शेजारच्या काकी काय झालं बघायला दारात आल्या. तेव्हाच ठरवलं, आता तुझ्याशी बोलायचं ते कागदावर. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू ते डब्यात ठेवलंयस, पण डोळे तर शाबूत आहेत ना? मग वाच आणि उत्तर दे.

एक काम आहे. निवडणूक येतेय म्हणून शाळेत मतदार जागृतीचा फलक करायचाय: 'आपल्या मतदारसंघाचे आजवरचे आमदार', अठ्ठ्याहत्तर सालापासून. नुसती नावं लिहून मुलं वाचणार नाहीत. तू आमदाराच्या कचेरीत इतकी वर्षं काढलीस, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी लिहून पाठव.

मतदार यादीचं काम यंदाही माझ्याच गळ्यात आहे. शाळा सुटली की घरोघर फिरायचं, कोण आहे, कोण गेलं, कोण नवीन आलं. भाग एकशे बारा म्हणजे आपली चाळ, मागची लेन आणि पलीकडचं प्रबुद्ध नगर. हजारावर नावं, त्यात अजून तुझंही. गावी जाऊन तुला चार वर्षं झाली रे. नियमाप्रमाणे ते नाव मीच काढायला हवं, पण हात लावला की तू रुसतोस.

श्रुतिका कॉलेजात मजेत आहे. तुला 'हाय आजोबा' सांगितलंय.

तुझी,
सुगंधा

*

पेंडूर, १८ सप्टेंबर

बाय सुगंधा,

तुझे अक्षर अजून शाळेतल्या मुलीसारखेच आहे, म्हणून वाचायला सोपे पडले. श्रुतिकेला आशीर्वाद.

लिहून घे. अठ्ठ्याहत्तरला नाना. युनियनचा माणूस. तेव्हा मतदारसंघ एवढा लांब की एका टोकाला वाकोल्याचा नाला आणि दुसऱ्या टोकाला मरोळचे कारखाने. नाना सगळा सायकलवरून फिरायचे. कोणाचे गटार तुंबले तर तो माणूस सरळ नानांच्या ओट्यावर येऊन बसे. ऐंशीला ते पडले आणि एक वकीलसाहेब आले. ते फक्त लग्नात दिसायचे, तेही जेवणाच्या वेळी. पंच्याऐंशीला परत नाना.

पंचाण्णवपासून अप्पा वारंग, तीन वेळा. त्यांच्या कचेरीत मी असे. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, माणसाला चहा द्यायचा. दोन हजार नऊला मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. रेघ ओढली ती नेमकी बाजाररस्त्याच्या मधोमध. भाजी घ्यायला गेलेली बाई दुसऱ्याच आमदाराच्या राज्यात! लोक विचारीत, "सहदेव, आता आमचा आमदार कोण?" मी नकाशा घेऊन चाळीचाळीत फिरलो. आपला जो तुकडा उरला तो अप्पांच्या मुलाला मिळाला, निलेशला. नऊ, चौदा आणि एकोणीस, तिन्ही वेळा तोच.

एवढे पुरे. मुलांना याहून जास्त नको.

यादीचे काम नेमाने कर, पण फार खोलात शिरू नकोस. जे कागद येतील ते पुढे पाठवायचे. आपण नोकरमाणसे.

तुझा मामा,
सहदेव

*

मरोळ, २६ सप्टेंबर

मामा,

हे पत्र एकट्यानं वाच. चुलतभाऊ प्रितमला किंवा कोणालाच दाखवू नकोस.

सोमवारी मला नोंदणी कार्यालयात बोलावलं आणि हातात एक गठ्ठा दिला. नाव वगळण्याचे सात नंबरचे अर्ज, दोनशे चौदा. सगळे प्रबुद्ध नगरचे. सगळ्यांवर एकच कारण: 'स्थलांतरित, येथे राहत नाहीत'. साहेब म्हणाले, "बाई, आठ दिवसांत घरोघर जाऊन खात्री करा आणि अहवाल द्या." मी हो म्हटलं की नाव गेलं, असा त्याचा अर्थ.

बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि पहिला अर्ज उलटला. खाली अर्जदार असतो, म्हणजे तक्रार करणारा. तो त्याच यादीतला मतदार लागतो.

अर्जदार: सहदेव गणपत माळगावकर. आपला खोली नंबर. तुझ्या मतदार कार्डाचा नंबर. आणि सही.

दुसऱ्यावर तेच. विसाव्यावर तेच. मी तिथंच बसून सगळे बघितले, मामा. सहीखाली तू जी तिरकी रेघ ओढतोस आणि शेवटी दोन टिंबं देतोस, ती सुद्धा आहेत. शिपाई न सांगता पाणी घेऊन आला.

मी प्रबुद्ध नगरात गेले. पहिल्याच घरात शांताबाई, वय ऐंशी, दारात तांदूळ निवडत बसलेल्या. अर्जाप्रमाणे त्या इथे राहत नाहीत. मी विचारलं, "आजी, कधीपासून राहता?" म्हणाल्या, "लग्न होऊन आले ती हितंच. का गं, उठवायला आलीस का?" त्यांचा मुलगा कुंडलिक, कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, आता घरीच असतो, तो पाय ओढत बाहेर आला आणि माझ्या हातातला कागद बघितला. मी अंगठ्यानं सही झाकली. का झाकली, मलाच कळलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, चला, मी येतो बरोबर." तीन संध्याकाळ तो माझ्यासोबत दारोदार फिरला. दोनशे चौदापैकी दोनशे नऊ माणसं मी डोळ्यांनी पाहिली. पाच कामाला बाहेरगावी आहेत, पण बिऱ्हाडं तिथंच.

त्याची मुलगी आमच्या शाळेत आहे. त्यानं फलक वाचलाय. म्हणाला, "तुमच्या यादीत पाच वर्षं आमदारच नाही. नव्वद साल कुठाय?" मी म्हटलं, राहिलं असेल. तर म्हणाला, "अप्पा वारंग पंचाण्णवला नाही, नव्वदलाच पहिल्यांदा निवडून आला. माझ्या पक्कं लक्षात आहे. निकाल मी इस्पितळात ऐकला." तू विसरलास का रे?

ते जाऊ दे. मला एवढंच सांग, त्या सह्या तुझ्या आहेत का? कोणी तुझं कार्ड वापरलं का? अहवाल द्यायला मंगळवारपर्यंतच मुदत होती, मी ती चार दिवस वाढवून घेतलीय. उलट टपाली लिही.

सुगंधा

*

पेंडूर, ३० सप्टेंबर

सुगंधा,

सह्या माझ्या नाहीत. मी कसल्याही कागदावर सही केलेली नाही. कोणीतरी कार्डाची झेरॉक्स वापरली असेल. कचेरीत माझे कागद सतरा जणांकडे होते.

तू या कामातून बाहेर पड. डॉक्टरकडून चिठ्ठी घे, पंधरा दिवस रजा टाक. दुसरी बाई येईल, ती बघेल. माझे नाव कुठे घेऊ नकोस आणि त्या कुंडलिकबरोबर फिरू नकोस.

नव्वद साल विसरलो. वय झाले.

सहदेव

*

मरोळ, ७ ऑक्टोबर

मामा,

तू माझ्याशी खोटं का बोललास?

तुझं पत्र मिळालं आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की रडले. म्हटलं, माझा मामा नाही त्यात. सरळ अहवाल लिहिला: सर्व मतदार राहत्या जागी आढळले, अर्जदाराच्या सह्या बनावट आहेत, अर्जदाराचं पत्र सोबत जोडलं आहे. तुझ्या पत्राची झेरॉक्स लावली आणि शुक्रवारी देऊन आले.

आज मधल्या सुट्टीत श्यामकांत शाळेत आला. तोच, तुझ्या कचेरीत टायपिंग शिकलेला. आता निलेश वारंगांची सगळी कामं तोच बघतो. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. मुख्याध्यापिकांना नमस्कार करून मला म्हणाला, "ताई, दोन मिनिटं जिन्यात येता का?" आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

आपल्या गावच्या घराची पडवी. तू खुर्चीत, समोर स्टुलावर कागद. मागे गणपतीची आरास. तू एकामागून एक सह्या करतोयस. एकदा वर बघून काहीतरी बोललास, मग परत मान खाली. मी तुझा चेहरा बघत होते, मामा. तू असा दिसत होतास जसा मूग शिजवून ठेवलेल्या पातेल्यात पाल पडल्याचं मामीनं सांगितलं होतं तेव्हा दिसला होतास. ओकारी आल्यासारखा.

श्यामकांत अगदी हळू बोलतो. म्हणाला, "तुम्ही लिहून दिलंत सह्या बनावट. आता हे बाहेर आलं तर खोटा अहवाल तुमचा. आणि चार वर्षं गावी राहणाऱ्या मामाचं नाव यादीत ठेवलं कोणी? तुम्हीच ना? नोकरी जाते ताई यात. मला वाईट वाटेल." मग म्हणाला, "श्रुतिका साडेचारला सुटते ना? रिक्षा स्टँडवर एकटीच उभी असते. पोरींनी घोळक्यात राहावं हल्ली."

तो पेढे ठेवून गेला.

श्रुतिकाला मी मुलुंडला अक्षताकडे धाडलंय. मैत्रीण म्हणून एक तीच उरलीय, तिनं काही विचारलं नाही. संध्याकाळपासून चाळीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी आहे. दोघं बसलेत. कदाचित कोणाची वाट बघत असतील, कदाचित नाही. मी खिडकीचा पडदा लावून हे लिहितेय.

साहेबांनी सोमवारी, चौदा तारखेला, अकरा वाजता सुनावणी ठेवलीय. प्रबुद्ध नगरच्या लोकांना नोटिसा गेल्या. अहवाल मागे घ्यायचा तर त्याआधी, असं श्यामकांत सांगून गेलाय.

मला खरं काय ते सांग. मग मी ठरवते.

सुगंधा

*

पेंडूर, १० ऑक्टोबर

बाय,

प्रितम आज गाडी घेऊन मुंबईला निघतोय. चुलत्याचा मुलगा असला तरी त्याला आत काय आहे हे माहीत नाही. लखोटा डिंकाने चिकटवला आहे. फाटलेला मिळाला तर मला कळव.

सह्या माझ्या आहेत.

चवथीच्या आदल्या दिवशी श्यामकांत आला. म्हणाला, "मामा, मेलेल्या माणसांची नावं काढायचीत, यादी साफ व्हायला पाहिजे." फॉर्म कोरे होते. मी म्हणालो, "नावां खय आसत?" म्हणाला, "नंतर भरू." तीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला कोऱ्या फॉर्मचा अर्थ कळतो, सुगंधा. मी पेन खाली ठेवले. तेव्हा तो माझ्या चांगल्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "नव्वद सालचा तुमचा जबाब अजून आहे हां मामा." मी पेन उचलले.

आता नव्वद साल ऐक. मी विसरलेलो नाही. एक दिवस विसरलो नाही.

प्रबुद्ध नगरचे मतदान तेव्हा महापालिकेच्या शाळेत होते. कागदाची मतपत्रिका, लाकडी शिक्का. मी अप्पांचा एजंट म्हणून खोलीत बसलेलो. समोरच्या पक्षाचा एजंट कुंडलिक. चोवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, प्रत्येक माणसाचे नाव पट्टीने खूण करून तपासणारा. तीनच्या सुमाराला आमची आठ-दहा मुले जिन्याने वर आली. उरलेल्या मतपत्रिकांवर शिक्के मारायचे, असे ठरलेले होते. मला माहीत होते. कुंडलिक उठला आणि दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "आमच्या लोकांचं मत आम्ही टाकू." त्याला ओढत जिन्यात नेले. मीही मागून गेलो. का गेलो माहीत नाही. चार पायऱ्या वर उभा होतो.

मारला तो निलेशने. आजच्या आमदाराने. एकोणीस वर्षांचा होता. हातपंपाची लोखंडी दांडी होती त्याच्याकडे. पहिला फटका पाठीत, दुसरा गुडघ्यावर. तेव्हा माझे कान चांगले होते, बाय. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कुंडलिक तोंडावर पडलेला, त्याने मारणारा पाहिला नाही. पाहिला तो मी. पोलीस आले तेव्हा मी लिहून दिले, 'पाय घसरून जिन्यावरून पडला, मी समक्ष पाहिले.' त्यावर प्रकरणाची फाइल मिटली. अप्पा तीनशे अकरा मतांनी निवडून आले. महिन्याने त्यांनी मला कचेरीत टेबल दिले. प्रबुद्ध नगरची माणसे अर्ज घेऊन त्या टेबलासमोर येत आणि मी त्यांना चहा देई. कुंडलिकही एकदा आला होता, अपंगाच्या दाखल्यासाठी. मी शिक्का मारला. तो मला "आभारी आहे, साहेब" म्हणाला.

त्या पाच वर्षांच्या दोन ओळी तू मागितल्यास. मला लिहिता आले नाही.

हे पत्र सोमवारी साहेबांना दे. पण मला तिथे बोलावू नकोस. मी भितो. श्यामकांतला भितो, निलेशला भितो, तुरुंगाला भितो, आणि कुंडलिकच्या तोंडाकडे बघायला सगळ्यात जास्त भितो. लहानपणी तुला मामा शूर वाटायचा. तसा तो कधी नव्हता.

श्रुतिकेला मुलुंडलाच ठेव.

सहदेव

*

मरोळ, ११ ऑक्टोबर

मामा,

प्रितम उद्या सकाळी परत निघतोय, त्याच्याच हाती.

साहेबांना फोनवर विचारलं. पत्र चालणार नाही. आधीच तुझं एक पत्र तिथं लावलंय आणि ते खोटं निघालं. अर्जदार समोर येऊन बोलला तरच. नाही आला तर त्या सह्या खऱ्या, माझा अहवाल खोटा आणि अर्जांवर पुढची कारवाई.

कुंडलिकला मी काही दाखवलेलं नाही. आजही आला होता, "सोमवारी सगळे येणार, मॅडम, आईला चाकाच्या खुर्चीतून आणतो" म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही. ते मी सांगणार नाही, मामा. ते तुझं आहे.

मीही भितेय. दाराला दोन कड्या लावून बसलेय. पण सोमवारी अकरा वाजता मी तिथे उभी असेन, आणि अहवाल मागे घेणार नाही.

रविवारी मुंबईला परत येताना प्रितमच्या गाडीत एक सीट रिकामी असते.

सुगंधा

*

पेंडूर, २१ ऑक्टोबर

बाय सुगंधा,

सुखरूप पोचलो. सोमवारी तू त्या खोलीत होतीस, तरी हे लिहितो, कारण मी तिथे असूनही अर्धाच होतो. यंत्र लावले होते, पण एवढ्या माणसांत त्याने नुसती शिट्टी धरली, म्हणून काढून खिशात टाकले. मला फक्त तोंडे हलताना दिसत होती. साहेबांचे प्रश्न तू कागदावर लिहून दाखवत होतीस.

मी काय बोललो ते मला आठवते. सह्या माझ्या. फॉर्म कोरे होते. या माणसांपैकी कोणी घर सोडले हे मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही, मला भीती घातली म्हणून सह्या दिल्या. सगळे अर्ज मागे घेतो. भाचीला लिहिलेले पत्र खोटे होते, तिचा दोष नाही. मग तू लिहिलेस, 'सध्या राहण्याचा पत्ता?' आणि माझ्याकडे बघितलेस. मी पेंडूर म्हणालो. माझे नाव काढायचा फॉर्म मीच भरला. तो तेवढा एक फॉर्म मी पूर्ण वाचून सही केला.

बाहेर पडताना श्यामकांत माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ कानाशी बोलत होता. हसत होता. मला वाटते तब्येतीची चौकशी केली असावी, जुनी ओळख म्हणून. तू मागे होतीस. काय म्हणाला ते कळव.

आता जे तू पाहिले नाहीस ते. तू सह्या करायला परत आत गेलीस तेव्हा मी कुंडलिकला जिन्याजवळ गाठले. आई खुर्चीत बसलेली होती. तो माझा हात धरून आभार मानू लागला. तोंडावरून कळत होते. मी म्हणालो, "हात सोड. आधी ऐक." आणि सांगितले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोललो कोण जाणे, पण आजूबाजूची माणसे वळून बघू लागली. जिना, दांडी, निलेश, माझा जबाब, सगळे सांगितले.

त्याने हात सोडला. मला वाटले मारील. मारले असते तर बरे झाले असते. मग तो काहीतरी बोलला आणि मला ऐकू आले नाही. मी कानावर हात नेला. तो परत बोलला. परत नाही. चौतीस वर्षांनी तो माणूस मला काही सांगतोय आणि मला ऐकू येत नाही! शेवटी त्याने खिशातून नोटीस काढली आणि तिच्या पाठीवर लिहिले. तो कागद माझ्याजवळ आहे. त्यावर एवढेच आहे: 'कोण कोण होतं? सगळं लिहून द्या. पानापानावर सही करा.'

माफ केले असे तो म्हणाला नाही. मी मागितलेही नाही. तो आईची खुर्ची ढकलत गेला. एक पाय ओढत खुर्ची ढकलायला किती जोर लागतो ते मी मागून पाहत होतो.

रोज दुपारी पडवीत बसून लिहितो. सहा पाने झाली. दोन दिवसांपूर्वी कोणीतरी कुंपणातून आत येऊन माझी खुर्ची मोडून अंगणाच्या मधोमध ठेवून गेले. शेजाऱ्याला वाटते गुरे शिरली. आता जमिनीवर बसून लिहितो.

मामा

*

मरोळ, २७ नोव्हेंबर

मामा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण टपालपेटीपर्यंत जायचीही भीती वाटत होती. आता अक्षता पोस्टात टाकेल, मुलुंडहून.

आधी श्यामकांतचं. तब्येतीची चौकशी नव्हती ती. तो म्हणत होता, "म्हाताऱ्या, गावात विहिरीला कठडा नाही तुझ्या. पाय घसरला तर यावेळी कोण लिहून देणार?" तू मान डोलवून "बरा आसय, बरा आसय" म्हणालास. त्याचं हसू पुसलं गेलं मामा. भीती घालायला माणसाला ऐकू यावं लागतं, हे चारचौघांत हळू बोलताना त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पण मी ऐकलं होतं, आणि तेव्हापासून मला झोप नाही. तुला इतके दिवस सांगितलं नाही. पण तुझ्या मोडलेल्या खुर्चीचं वाचल्यापासून राहवत नाही, म्हणून सांगते. विहिरीकडे एकटा जाऊ नकोस. प्रितमला पाणी काढायला सांग.

दोनशे चौदाही अर्ज फेटाळले. मला तुझं नाव यादीत ठेवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. खरं ते लिहून दिलं: मामा होता म्हणून हात धजला नाही. यादीचं काम काढून घेतलं, पगारवाढ अडकलीय, नोकरी अजून आहे.

वीस तारखेला मी मतदानाला गेले तेव्हा प्रबुद्ध नगरची रांग शाळेच्या फाटकाबाहेर होती. गेल्या खेपेला निम्मेही आले नव्हते म्हणतात. शांताबाईंना कुंडलिकनं खुर्चीतून आणलं. शाई लावणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, "बोट नीट धर, पोरी. मी हितंच राहते." फाटकासमोर दोन मोटारसायकली दिवसभर उभ्या होत्या. त्यांच्यावरचे नुसते बघत होते. रांगही मागे वळून त्यांच्याकडे बघत होती. मी इतकी शांत रांग कधी पाहिली नाही.

तरी निलेश वारंगच आला. तू पेपरात वाचलं असशील. एकोणीसला बावीस हजारांनी आला होता, यंदा सोळाशेंनी. पण आला. पुढची पाच वर्षं आपला आमदार तोच, रेशनकार्डाच्या अर्जावर शिक्का त्याच्याच कचेरीचा.

कुंडलिक निकालाच्या दुसऱ्या दिवशी येऊन गेला. दारातच उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, "त्यांची पानं कधी येणार?" मी म्हटलं, पाठवतील. म्हणाला, "वकील बघून ठेवलाय. इतक्या वर्षांनी काही होईल की नाही, तोही सांगत नाही. पण पानं पाहिजेत." जाताना वळून म्हणाला, "त्यांना सांगा, घाईत लिहू नका. एक माणूस सुटला तरी चालणार नाही."

आणि काल आभार फेरी आली. ढोल, गुलाल, मागे जीप. निलेश वारंग चाळीत घरोघर हात जोडत चढत होता, पाठीशी श्यामकांत. मी दार लावून घ्यायला उठले, तेवढ्यात ते दोघं उंबऱ्यात. गुलालानं माखलेला चेहरा, अगदी गोड हसू. म्हणाला, "ताई, मामा कसे आहेत? आमच्या वडिलांचा उजवा हात होते. हल्ली काय करतात गावाला?"

खरंच सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं, "लिहितात."

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. पण तो हसायचा थांबला, आणि पहिल्यांदाच मला त्या चेहऱ्यात एकोणीस वर्षांचा मुलगा दिसला. ढोलवाले पुढच्या दारात गेले होते. तो तिथंच उभा होता. मग श्यामकांतनं त्याच्या कोपराला धरून पुढं नेलं.

आता लपवण्यात अर्थ उरला नाही, त्यांना कळलंय. मी तुला अडचणीत टाकलं असेन, माफ कर. कडी लावून बस, उजेडात बस, सोबत कोणीतरी ठेव. पण पानं पुरी कर, मामा. आणि पहिलं नाव त्याचं लिही.

तुझी,
सुगंधा